दादारावांच्या पोटावर चंद्र

सौंसरला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत मोरेश्वर बालपांडेचा फोटो स्टुडिओ होता. त्या स्टुडिओतला उजेड मोरेश्वरचा आणि अंधार प्रतिभाचा, अशी नवराबायकोची वाटणी लग्नानंतर वर्षभरातच होऊन गेली होती. म्हणजे लग्नं, बारशी, शाळेतले गट-फोटो हे सगळं मोरेश्वर गळ्यात कॅमेरा अडकवून करायचा. फिल्म धुणं, कागदावर फोटो उतरवणं, नवरदेवाच्या गालावरचा फोड बारीक ब्रशनं पुसून टाकणं, हे प्रतिभाकडे. मागच्या खोलीच्या खिडकीला काळं कापड ठोकलं होतं. आत लाल दिवा, तीन पसरट ताटं आणि आंबूस वास. गावातल्या निम्म्या लोकांचे चेहरे प्रतिभानं पाण्यातून वर येताना पाहिले होते. रस्त्यात कुणी भेटलं की तिला आधी त्याचा ओला चेहरा आठवायचा.

चौऱ्याऐंशी सालच्या दिवाळीनंतर मोरेश्वर फिल्म आणायला नागपूरला गेला आणि येताना भंगारातून एक पितळी दुर्बीण घेऊन आला. दोन हात लांब, काळी पडलेली, एका बाजूला चेपलेली. काचेच्या कपाटात ठेवली तर स्टुडिओला जरा शोभा येईल, एवढाच त्याचा हेतू. प्रतिभानं ती चिंच लावून घासली, भिंगं मलमलीनं पुसली आणि संध्याकाळी पापड काढायला गच्चीवर जाताना सहज सोबत नेली.

खाली मोरेश्वर भात कालवत होता. तेवढ्यात वरून हाक आली.

"अवो! अवो, या ना लवकर!"

हाकेतला सूर ऐकून तो उष्ट्या हातानंच जिना चढला. "काय झालं? विंचू निघाला काय?"

"चंद्राला खड्डे आहेत!"

"हॅत्! ते तर शाळेत शिकवलं होतं."

"शिकवलं होतं. दाखवलं कोणी होतं? पाहा तुम्ही."

मोरेश्वरनं पाहिलं. भाताचा हात तसाच हवेत राहिला. अर्ध्या चंद्राच्या कडेला, जिथं उजेड संपून काळोख लागतो, तिथं एकेक खड्डा असा उठून दिसत होता, जणू पावसाचे थेंब पडलेली धूळ. भात गार झाला. मग दोघांनीही तो गच्चीवरच खाल्ला, एक घास आणि एक नजर असं करत.

दुसऱ्याच दिवशी प्रतिभा म्हणाली, "याचा फोटो निघाला पाहिजे."

स्टुडिओवाल्याच्या बायकोनं असं म्हणणं साहजिकच होतं. पण पुढचे दोन महिने ती त्या एका फोटोपायी पुरती खुळावली. कवडू टिनवाल्याकडून तिनं डब्याच्या पत्र्याची एक बांगडी करून घेतली. दुर्बिणीचं डोळा लावायचं टोक उघडून काढायचं, त्या जागी ही बांगडी बसवायची आणि तिच्यात कॅमेरा, बिनलेन्सचा. दुर्बीणच झाली कॅमेऱ्याची लेन्स. मोरेश्वरच्या वडिलांच्या वेळचं लाकडी तिपाई स्टँड माळ्यावरून खाली आलं. फिल्म म्हणाल तर लग्नाच्या रोलमधून उरलेले तुकडे. मोठ्या गुंडाळीतून हवी तेवढी फिल्म कापून ती अंधारात जुन्या डब्यांमध्ये भरायची, हे काम प्रतिभाचंच होतं. त्यामुळे तुकड्यांना तोटा नव्हता.

पहिला फोटो धुतला तर त्यात उकडलेलं अंडं.

"रात्रीची वेळ आहे, उजेड कमी," मोरेश्वरनं धंद्यातला सल्ला दिला. "अजून जास्त वेळ उघडा ठेव."

अजून जास्त वेळ उघडा ठेवला तर दुधीभोपळा. चंद्र तेवढ्या वेळात सरकला होता आणि फिल्मवर लांबुडका, पांढराफटक ओघळ उमटला होता. खड्डे नाहीत, डाग नाहीत, काही नाही. मग मोरेश्वरनं आणखी वाढवून पाहायला सांगितलं आणि भोपळ्याची काकडी झाली. शेजारच्या बायका विचारायला लागल्या, "काय वो प्रतिभाबाई, आज काय पिकलं तुमच्या वावरात?"

हे कोडं सुटलं ते पौषातल्या एका दुपारी. प्रतिभा गच्चीवर ऊन खात संत्री सोलत बसली होती. रामाकोना गावच्या बागेतली संत्री, पानासकट तोडलेली. पश्चिमेकडे कललेलं ऊन उजव्या खांद्यावर येत होतं आणि समोर निळ्या आभाळात अर्धा चंद्र दिसत होता, दिवसाढवळ्याच, फिकट, साबणाच्या वडीसारखा. एक संत्रं तिनं हातात धरलं, सोलण्याआधी सहज वर उचललं आणि ते नेमकं चंद्राच्या शेजारी आलं.

ती तशीच थबकली.

संत्र्याच्या उजव्या अंगावर ऊन होतं आणि डावं अंग सावलीत होतं. शेजारी चंद्र. त्याचंही उजवं अंग उजळ, डावं नाहीसं. तीच तिरकी रेघ, तोच कोन. हातातलं संत्रं आणि आभाळातला चंद्र एकाच उन्हात बसले होते. ज्या उन्हात तिचे पापड वाळत होते, त्याच उन्हात!

"अगंबाई," ती स्वतःशीच म्हणाली, "तिथं तर दुपार आहे!"

मग तिला जे हसू सुटलं ते आवरेना. जिना उतरताना हसू, स्टुडिओत शिरताना हसू. मोरेश्वर एका पेन्शनरला पासपोर्ट फोटोसाठी हनुवटी वर करायला सांगत होता. ती दारातूनच म्हणाली, "अवो, चंद्रावर ऊन पडून राहिलं!"

पेन्शनरची हनुवटी खाली आली.

"आपण रात्रीचा फोटो काढून राहिलो ना? तिथंच चुकलं. रात्र आपल्या इथं आहे, चंद्रावर नाही. चुना दिलेली भिंत भर उन्हात असली तर तुम्ही कॅमेरा कितीसा उघडता? डोळा मिचकावण्याइतका! मग चंद्रालाही तेवढाच."

 पेन्शनर म्हणाले, "बाई बरोबर बोलून राहिली." कशावरून, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं, पण तिच्या चेहऱ्याकडे पाहून दुसरं काही म्हणवलं नसतं.

त्या संध्याकाळी फोटोत पहिल्यांदा खड्डे आले. जरा हललेले होते, कारण बटण दाबलं की कॅमेऱ्यातला आरसा खटकन वर उडायचा आणि एवढी लांब नळी थरथरायची. त्यावरही प्रतिभानं इलाज काढला. नळीच्या तोंडापुढे काळा पुठ्ठा धरायचा, मग कॅमेरा उघडायचा, थरथर थांबू द्यायची, आणि मग पुठ्ठा पटकन बाजूला करून लगेच परत आणायचा. हा पुठ्ठा हलवण्याची तिला अशी गोडी लागली की स्वयंपाकघरातही तिचा हात मधूनच तसा हलायचा. आता चंद्र येत होता तो काचेसारखा स्वच्छ, फिल्मवर करंगळीच्या नखाएवढा. एकदा तिनं फिल्मचा अख्खा लांब तुकडा भरला आणि सात-आठ संध्याकाळी नुसते चंद्रामागून चंद्र काढले. रोल मागे गुंडाळला. धुताना ओढायला सोपं जावं म्हणून फिल्मची जीभ, म्हणजे सुरुवातीचं टोक, तेवढी आत न गुंडाळता बाहेर ठेवली आणि तो डबा जरा वेळ खणात ठेवला.

नेमका तो कोऱ्या रोलांचा खण होता.

मोहगावच्या दादाराव कोहळ्यांच्या मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होता. दादाराव म्हणजे संत्र्याचे बागवाले आणि व्यापारीही. आवाज असा की त्यांनी खाकरलं तरी लिलावाच्या ओट्यावरची बोली थांबायची. त्यांची अलका बी.ए. झालेली, मुलगा पांढुर्ण्याचा विजय खोडे ठरला होता. तो शाळेत मास्तर. संध्याकाळचा कार्यक्रम, अंगणात मांडव. मोरेश्वरनं खणातून बाहेर जीभ असलेला, म्हणजे त्याच्या लेखी कोरा, रोल उचलला, कॅमेऱ्यात भरला आणि फ्लॅश उडवत मनापासून फोटो काढले.

दुसऱ्या दिवशी प्रतिभानं रोल धुतला आणि लाल दिव्याखाली पहिला कागद ताटात सोडला. दादाराव वर येऊ लागले. आधी टोपी, मग मिशा, मग काळा कोट. आणि त्या काळ्या कोटावर, बरोबर पोटाच्या मधोमध, गाडीच्या चाकाएवढा चंद्र. खड्ड्यांसकट.

तिनं दुसरा कागद सोडला. मुलाच्या आत्याच्या अंबाड्याच्या जागी चंद्र. तिसऱ्यात ओटीच्या ताटात पुरीसारखा चंद्र. चौथ्यात मांडवाबाहेरच्या काळोखात पाहुण्यांच्या मागं चंद्र असा उभा, की जणू त्यालाही बोलावणं होतं. पाचव्यात विजयच्या डोक्यावर अर्धा चंद्र आणि त्याच्या चेहऱ्यावर भाबडं हसू.

मोरेश्वर आत आला तेव्हा बायको ओट्याला टेकून बसली होती आणि पदर तोंडात कोंबून गदगदा हलत होती. त्याला वाटलं रडते आहे. त्यानं ताटात वाकून पाहिलं आणि तो मात्र खरोखर रडवेला झाला.

"मेलो! दादाराव आहे तो! सांगू, की फिल्मच खराब निघाली."

"खराब कशी? इतका चांगला चंद्र आजवर आला नव्हता," प्रतिभा डोळे पुसत म्हणाली. मग उठली. "रोल मी तिथं ठेवला. मीच सांगते. फोटो घेऊन जाऊ."

मोहगावच्या बसमध्ये मोरेश्वर सारखा घाम पुसत होता. दादाराव ओसरीवर बसले होते. शेजारी त्यांच्या बायकोनं, चंद्रकलाबाईंनी, सुपात गहू घेतले होते. अलका दाराआडून डोकावत होती. प्रतिभानं पाकीट पुढे केलं आणि पाणी यायच्या आतच सांगून टाकलं, "काकाजी, एक चूक झाली. माझी झाली. आधी पाहा, मग बोला."

दादारावांनी चष्मा लावला. स्वतःचा फोटो जवळ धरला, मग लांब धरला.

"हे काय हाय?"

"चंद्र आहे, काकाजी."

"माह्या पोटावर?"

"हो."

"काहून?"

प्रतिभानं सगळं सांगितलं, दुर्बीण, पापड, संत्रं, खण आणि एकाच फिल्मवर दोनदा निघालेले फोटो. दादारावांच्या मिशा हलल्या नाहीत. मोरेश्वर जोड्यांकडे पाहत होता, पळायचं झालं तर आपले कुठले ते नीट कळावं म्हणून. तेवढ्यात चंद्रकलाबाई वाकल्या, फोटो पाहिला आणि सूप मांडीवर टेकवून म्हणाल्या, "आता बोला! इतकी वर्षं म्हनत होते, तुह्यं नाव कोनाले ठावं हाय? आता माह्यं नावच तुमच्या पोटावर छापून आलं!"

दाराआडून फुस्सकन आवाज झाला. अलका तोंडावर हात दाबून बाहेर आली, फोटो घेतले आणि आत्याचा अंबाडा पाहून जमिनीवरच बसली. प्रतिभानं हसू दाबायचा फार प्रयत्न केला, पण चंद्रकलाबाईंच्या सुपातले गहू त्यांच्या हसण्यानं उडायला लागले तेव्हा तिचाही बांध फुटला. दादारावांनी तिघींकडे एकदा कडक नजरेनं पाहिलं. मग पुन्हा फोटोकडे. मग त्यांनी हळूच आपल्या पोटावरून हात फिरवला, खड्डे लागतात का ते पाहिल्यासारखा. आणि मोरेश्वरच्या आयुष्यात पहिल्यांदा त्याला दादाराव कोहळ्यांचे सगळे दात दिसले.

"अबे मोरेश्वर," ते हसण्यातून कसेबसे म्हणाले, "पांढुर्न्याच्या आत्याबाईले तो अंबाडावाला फोटू मोठा करून दे!"

हसणं ओसरल्यावर अलकानं फोटो पुन्हा पुन्हा उलटून पाहिले. तिचा चेहरा उतरला.

"प्रतिभाताई, सगळ्यांजवळ चंद्र हाय. माझ्याच फोटोत काहून नाही?"

खरंच नव्हता. "ह्यांनी फिल्म भरली ती थोडी मागेपुढे बसली," प्रतिभानं समजावलं. "तुझा चंद्र तुझ्या उजळ पातळावर पडला आणि फ्लॅशच्या उजेडात पुसून गेला."

"म्हणजे माझा तेवढा वाया गेला!"

"वाया कशाला? तुझ्या लग्नात काढू. आणि असा भलतीकडे नाही, मागशील तिथं काढू. कुठं पाहिजे?"

अलकानं जराही वेळ न लावता उजवा हात उचलून तळवा उघडला. "इथं."

झालं! बोलून बसली खरी, पण चुकून होणं वेगळं आणि ठरवून करणं वेगळं. फाल्गुनातलं लग्न, गोरज मुहूर्त, आणि तिथी शुद्ध दशमीची. म्हणजे सूर्य बुडताना चंद्र चांगला वर आलेला असणार. प्रतिभानं वहीबिही काही केली नाही, सगळं घरात करून पाहिलं. आधी फिल्मच्या जिभेवर आणि कॅमेऱ्याच्या आतल्या कडेवर सुईनं समोरासमोर ओरखडा काढला, म्हणजे रोल परत भरताना ओरखड्याला ओरखडा लावायचा, फिल्म केसभरही मागेपुढे होणार नाही. मग चंद्र काढताना तो डावीकडच्या वरच्या कोपऱ्यात धरायचा. मग माणसाला काळ्या घोंगडीसमोर उभं करून त्याचा तळवा त्याच कोपऱ्यात येईल असा फोटो. सरावासाठी माणूस म्हणून मोरेश्वर. तो रोज दुकान बंद केल्यावर घोंगडीपुढे हात वर करून उभा राहायचा. पहिल्या वेळी चंद्र त्याच्या कानात उमटला, दुसऱ्या वेळी कोपरावर. तिसऱ्या वेळी तळव्यावर असा अलगद येऊन बसला की दोघांनी त्या अंधाऱ्या खोलीत एकमेकांचे हात धरून एक गिरकी घेतली आणि धुण्याच्या औषधाचं एक ताट सांडलं.

बेत असा होता की लग्नाच्या आदल्या संध्याकाळीच चंद्र काढून ठेवायचा. पण आदल्या दिवशी आभाळ भरून आलं. दादाराव गारांच्या भीतीनं बागेत फेऱ्या मारत होते आणि प्रतिभा त्यांच्या गच्चीवर. गारा पडल्या नाहीत, पण ढगही हटले नाहीत. लग्नाच्या दिवशी दुपारपर्यंत तेच. अलका हळद लावलेल्या अंगानं दर थोड्या वेळानं खिडकीतून विचारायची, "निघाला काय?"

"नाही अजून."

उन्हं कलली तशी पश्चिमेकडून ढग फाटायला लागले. वाजंत्री पांढुर्ण्याच्या वऱ्हाडाला घेऊन वेशीपाशी आली आणि त्याच वेळी गच्चीवरून प्रतिभाला पूर्वेच्या निळ्या फटीत चंद्र दिसला, जरासा कलता, तीन चतुर्थांश भरलेला.

"अवो, पुठ्ठा धरा!" ती ओरडली. पण मोरेश्वर खाली वरातीचे फोटो काढत होता, दुसऱ्या कॅमेऱ्यावर. गच्चीवर कुणी नव्हतं. एका हातानं नळी धरली तर पुठ्ठा धरायला हात नाही, पुठ्ठा धरला तर कॅमेरा उघडायला हात नाही. तेवढ्यात जिन्यावर बांगड्यांचा आवाज झाला. अष्टपुत्री नेसलेली, मुंडावळ्या बांधलेली, मेंदीचे हात सांभाळत अलकाच वर आली होती.

"निघाला ना? मले खिडकीतून दिसला!"

"अगं, तू काहून आली? वरात दारात आहे!"

"त्याईले आहेर-मानपान होयेपर्यंत वेळ हाय. काय धरू?"

प्रतिभानं तिच्या हातात काळा पुठ्ठा दिला. "मी 'हं' म्हटलं की बाजूला. आणि लगेच परत. डोळा मिचकावण्याइतकं."

चंद्र नळीतून हळूहळू सरकत कोपऱ्याकडे येत होता. प्रतिभा श्वास रोखून डोळा लावून होती. "अजून नाही... अजून नाही... हं!" पुठ्ठा हलला. बांगड्या वाजल्या. "पुन्हा. हं!" अलकाच्या हाताला त्या हालचालीची अशी लय सापडली की चौथ्या-पाचव्या वेळी दोघींना 'हं' म्हणायचीही गरज उरली नाही. मग प्रतिभानं कॅमेरा सोडवला, डोळा लावायचं भिंग परत बसवलं आणि म्हणाली, "ये, आता तू पाहा."

अलकानं पाहिलं आणि तिच्या तोंडून एक बारीक किंकाळी निघाली. आनंदाचीच, पण खाली ती काय कळणार! घोड्यावरचा विजय मान वर करून बघतो, तर आपली नवरी गच्चीवर, मुंडावळ्या एका हातानं मागे धरून पितळी नळीत डोळा घालून उभी. वाजंत्रीवाल्याचा सूर मधेच तुटला. कुणीतरी ओरडलं, "नवरी गच्चीवर हाय बाप्पा!"

पहिल्यांदा चंद्रकलाबाई वर आल्या, मुलीला ओढून न्यायला. जाता जाता म्हणून त्यांनी नळीत पाहिलं आणि मुलीला ओढायचं विसरल्या. मग काकू, मग मावशी, मग पांढुर्ण्याची ती अंबाड्याची आत्या. तिनं तर नळी सोडलीच नाही. "माह्या डोक्यावर हाच होता ना? मंग मले पाहू द्या नीट." जिन्यावर रांग लागली. खाली भटजी हातात अक्षता घेऊन ओरडत होते, "मुहूर्त जाऊन राहिला! मुलीला आणा! दादारावजी!"

दादाराव जिना चढले तेव्हा त्यांचा चेहरा लिलावातला होता. बायका बाजूला झाल्या. "काय तमाशा लावला?" असं त्यांनी सुरू केलं, पण प्रतिभानं त्यांचं बोट धरलं, लहान मुलाचं धरावं तसं, आणि म्हणाली, "काकाजी, एकदाच."

दादाराव वाकले. फेटा नळीला आपटला. त्यांनी तो एका हातानं मागे सारला आणि पुन्हा डोळा लावला.

"अरे," दादाराव म्हणाले. आवाज त्यांचा वाटतच नव्हता. "अरे, याले तर देवीचे वन हायेत." जरा थांबून पुन्हा, "आन् इतकं ऊन हाय तिथं?"

"तेच तर, काकाजी! तेच तर!" प्रतिभाला त्यांच्या गळ्यात पडावंसं वाटलं.

दादाराव सरळ झाले, कठड्यापाशी गेले आणि ज्या आवाजानं बोली थांबायची त्या आवाजात खाली ओरडले, "वाजंत्रीवाले! भटजीबुवा! जावईबापू! या वर! मुहूर्त कुठं पयून जात नाही. सूर्य बुडाला तरी हा हाय ना वर!"

विजय घोड्यावरून उतरला आणि दोन-दोन पायऱ्या एकदम चढत आला. शास्त्र असं की अंतरपाटाआधी नवरा-नवरीनं एकमेकांना पाहू नये. म्हणून आत्यानं दोघांच्या मध्ये तोच काळा पुठ्ठा धरला आणि पुठ्ठ्याच्या एका बाजूनं अलका सांगत होती, दुसऱ्या बाजूनं विजय पाहत होता.

"कडेचा मोठा खड्डा दिसून राहिला?"

"दिसला! त्याच्या मधात एक टेकडीपण आहे!"

"मले नाही दिसली टेकडी!"

"तू पाहा मग, घे!"

पुठ्ठ्याखालून नळीचं टोक इकडून तिकडे जाऊ लागलं. भटजीबुवांनी सगळ्यांत शेवटी, फार नाइलाज असल्यासारखं, उपरणं सावरत पाहिलं. मग पुन्हा पाहिलं. मग म्हणाले, "चला आता. पण ही नळी हलवू नका, जेवणानंतर मी परत येईन."

मंगलाष्टकं लागली तेव्हा पश्चिमेला तांबूस धूळ निवली होती आणि मांडवातला दर तिसरा माणूस मान वर करून उभा होता. अक्षता नवरा-नवरीवर कमी आणि एकमेकांच्या चेहऱ्यांवर जास्त पडल्या.

सप्तपदी आटोपल्यावर मांडवाच्या एका कोपऱ्यात प्रतिभानं काळी घोंगडी टांगली. ओरखड्याला ओरखडा लावून रोल भरला. या वेळी त्या कॅमेऱ्याला लेन्स आणि फ्लॅश लावून मोरेश्वरनं तो स्वतःहून तिच्या हातात दिला. अलका उभी राहिली, मेंदीचा तळवा वर करून. "अजून वर. थोडा डावीकडे. माझ्याकडे नको पाहू, हातावर पाहा."

"हातावर तर काहीच नाही!"

"आहे असं समज."

अलकानं रिकाम्या तळव्याकडे पाहिलं आणि तिला हसू फुटलं. नेमक्या त्या हसण्यावर फ्लॅश उडाला. मग रांगच लागली. विजय, चंद्रकलाबाई, आत्या, मग लाजत लाजत दादाराव. त्यांनी दोन्ही तळवे जोडून ओंजळ पुढे केली आणि विचारलं, "मावंल ना एवढ्यात?"

सौंसरला परत आल्यावर प्रतिभानं रात्र जाऊ दिली. सकाळी दुकान उघडण्याआधी मागची खोली बंद करून रोल धुतला, वाळवला. दुपारी लाल दिव्याखाली पहिला कागद ताटात सोडून ती ताट हळूहळू हलवत राहिली. आधी काळोख गडद झाला. मग मुंडावळ्यांचे मणी आले. मग डोळे, हाताकडे वळलेले. मग मेंदीचा तळवा आला आणि त्यावर, बोटांच्या टोकांना जरासा टेकून, चंद्र. खड्डे मोजता यावेत इतका स्वच्छ. अलका त्याच्याकडे पाहून अशी हसत होती, जणू कुणीतरी नुकतंच तिच्या हातात गरम भाकरी ठेवली आहे आणि ती फुंकर घालायला निघाली आहे.

 प्रतिभानं कागद दुसऱ्या ताटात बुडवला, तिसऱ्यात बुडवला, पुरता धुवायलाही थांबली नाही आणि दार उघडून तशीच बाहेर धावली. मोरेश्वर समोर एका कुटुंबाला ओळीनं बसवत होता. ती त्यांच्या मधून गेली. "आला!" एवढंच म्हणाली. मोरेश्वरनं कॅमेरा स्टूलवर टाकला आणि तिच्या मागं निघाला, आणि ते कुटुंब काय झालं ते कळावं म्हणून त्याच्या मागं. बाहेर भर दुपारचं लख्ख ऊन होतं. पायात चपला नसल्यानं तिचे तळवे चटचट भाजत होते आणि त्यामुळे ती बाजारातून अक्षरशः नाचत चालली होती. ओला फोटो एका हातात उंच धरलेला, त्यातून पाणी ठिबकत होतं. अलकाची पाठवणी संध्याकाळी होती आणि मोहगावची बस सुटायला अजून वेळ होता, तरी ती कंडक्टरला लांबूनच हात करून ओरडत होती, "थांबवा! थांबवा ती गाडी!"